बघण्याजोगे, फोटोजोगे, टाकण्याजोगे

गेल्या दहाबारा वर्षांत मराठी मुलामुलींच्या बोलण्यात शब्दांचा एक छोटा संच रुळला आहे. 'ही जागा एकदम इन्स्टाग्रामेबल आहे', 'हा फोटो डीपीला ठेवण्यासारखा आला', 'कॅफे काय एस्थेटिक आहे', 'रीलसाठी भारी लोकेशन', 'कडक फ्रेम'. या सगळ्या बोलांचा अर्थ साधारण एकच. समोरची वस्तू, जागा, ताटातला पदार्थ किंवा माणूस समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रात चांगला दिसेल, असे बोलणाऱ्याला म्हणायचे असते. तो प्रत्यक्षात कसा आहे हा त्याच्या दृष्टीने वेगळा प्रश्न आहे.

अशा शब्दांकडे शिक्षक बहुधा दोन प्रकारे पाहतात. काही जण वहीत लाल रेघ मारतात, तर काही जण 'आजकाल असेच चालते' म्हणून सोडून देतात. दोन्ही वेळी शब्द तपासायचा राहून जातो. तो कशापासून तयार झाला, त्याने कोणत्या जुन्या शब्दाची जागा घेतली आणि कोणता अर्थ नव्याने आणला, हे पाहिले तर बोलभाषेचा हा कोपरा व्याकरणाच्या तासालाही उपयोगी पडतो.

ही तपासणी ग्वाल्हेरसारख्या शहरात बसून करणे सोयीचे आहे. एक तर येथे बघण्यासारखे पुष्कळ आहे. दुसरे म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये येथे स्थिरावली आणि तिचे 'लष्कर' हे उपनगर झाले, तेव्हापासून येथली मराठी हिंदीच्या सोबतीने नांदत आली आहे. नवा शब्द येथे दोन दारांनी येतो, थेट इंग्रजीतून आणि हिंदीतून. त्यामुळे मराठीने त्याचे काय केले ते येथे ठळकपणे दिसते.

डोळ्याचे शब्द

दिसण्यावरून कौतुक करणारे मराठीतले सर्वांत साधे विशेषण 'देखणा'. ते 'देखणे' म्हणजे पाहणे या जुन्या क्रियापदापासून आले. पाहावेसे वाटते ते देखणे. 'प्रेक्षणीय' हा संस्कृत घडणीचा शब्दही तेच सांगतो. 'बघण्याजोगा' आणि 'बघण्यासारखा' ही घरगुती रूपे आहेत. या सर्वांत न्याय करणारा डोळा आहे आणि तो वस्तूसमोर हजर आहे.

त्यांच्याबरोबर 'चित्रासारखे' असा दुसरा एक प्रयोग चालत आला. 'चित्रासारखे गाव' म्हणताना आपण खऱ्या गावाला चित्राची फूटपट्टी लावतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा राजा मानसिंह तोमराचा महाल, म्हणजे मान मंदिर, 'चित मंदिर' या नावानेही ओळखला जातो. निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांनी भिंतीवर उमटवलेली बदके, हत्ती आणि केळीची झाडे पाहिली की वेगळा खुलासा लागत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर बांधलेली ही इमारत दिसण्यावरून नाव मिळालेली आहे. आज किल्ल्यावर येणारा तरुण त्याच निळ्या भिंतीपुढे उभा राहून फोटो काढून घेतो, यात नवल नाही. ती भिंत मुळात लांबून नजरेत भरावी अशीच सजवलेली आहे.

चित्राच्या मापाने निसर्ग पाहण्याची टोकाची हौस अठराव्या शतकातल्या इंग्लंडात दिसते. विल्यम गिल्पिन या लेखकाने चित्रात शोभेल अशा सौंदर्यासाठी 'पिक्चरेस्क' हा शब्द लोकप्रिय केला. मग प्रवासी खिशात एक लहानसा, गडद रंगाचा, किंचित फुगीर आरसा बाळगू लागले. क्लोद या फ्रेंच चित्रकाराच्या नावावरून त्याला 'क्लोद काच' म्हणत. प्रवासी देखाव्याकडे पाठ करून उभा राही आणि आरशात पडलेले त्याचे मंद, चौकटबद्ध प्रतिबिंब पाही. देखाव्याकडे पाठ करून तो हातातल्या काचेत पाहण्याची ही सवय आज सेल्फीमुळे ओळखीची वाटते. फरक एवढाच, की आरशातला देखावा त्याच्याजवळच राही. तो कोणाला पाठवता येत नसे.

याच परंपरेतला 'पॉइंट' हा शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या थंड हवेच्या ठिकाणांबरोबर मराठीत आला. महाबळेश्वरचा केट्स पॉइंट, माथेरानचा पॅनोरमा पॉइंट. कुठे उभे राहून पाहावे, हे तो सांगतो. आजचा 'सेल्फी पॉइंट' त्याचाच वंशज आहे. तो मात्र पाहण्याची जागा सांगत नाही, आपण दिसण्याची जागा सांगतो. २०२३ च्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांना असे सेल्फी पॉइंट उभारायला सांगितले, तेव्हा हा बोलीतला शब्द सरकारी पत्रातही जाऊन बसला.

कॅमेऱ्याचे शब्द

छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात १८४० नंतर लवकरच आली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मराठीने 'फोटो' हा तुकडा घेतला, त्याला पुल्लिंग दिले आणि क्रियापद घरचे लावले. रांगोळी काढतात, चित्र काढतात, तसा आपण फोटो 'काढतो'. काढण्याची जोडी निघण्याशी आहे, म्हणून काढलेला फोटो छान 'निघतो' किंवा 'येतो'. हिंदीत तो 'खींचते हैं', म्हणजे ओढतात, आणि इंग्रजीत 'घेतात'. एकाच यंत्राच्या एकाच कृतीला तीन भाषांनी तीन वेगळी क्रियापदे दिली.

'ती फोटोत छान येते' हे वाक्य नीट पाहण्यासारखे आहे. 'ती छान दिसते' असे त्यात म्हटलेले नाही. प्रत्यक्षात साधी असलेली व्यक्ती फोटोत छान येऊ शकते आणि उलटही होऊ शकते. म्हणजे 'इन्स्टाग्रामेबल'चा निम्मा अर्थ मराठीने 'येणे' या क्रियापदात आधीच साठवला होता. इंग्रजीत याच अर्थाचा 'फोटोजेनिक' हा शब्द आहे, पण तोही मूळचा या अर्थाचा नव्हे. १८३९ मध्ये टॅल्बट या इंग्रज संशोधकाने प्रकाशाच्या साहाय्याने कागदावर उमटवलेल्या आकृतींना 'फोटोजेनिक ड्रॉइंग' म्हटले होते. तेथे अर्थ होता 'प्रकाशापासून जन्मलेले'. 'फोटोत छान येणारा' हा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला.

ग्वाल्हेरची अनेकांच्या मनातली प्रतिमाही छायाचित्रांनीच घडवली आहे. सर लेपेल ग्रिफिन यांचा मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. त्यातली छायाचित्रे लाला दीनदयाळ यांची होती आणि ग्वाल्हेरच्या वास्तूंना त्यात स्थान होते. कोणती वास्तू कोठून पाहिली की भव्य वाटते, याचे वळण अशा ग्रंथांनी पुढच्या पिढ्यांच्या नजरेला लावले. सहलीचा विद्यार्थी आज जो कोन शोधतो, त्याला इतका जुना पाया आहे.

प्रेक्षकांचे शब्द

इन्स्टाग्राम २०१० च्या ऑक्टोबरात सुरू झाले. पहिली काही वर्षे त्यावर फक्त चौरस चित्र टाकता येत असे. आडवी-उभी चित्रे २०१५ पासून आली. चित्र बघायचे ते हाताएवढ्या पडद्यावर आणि तेही बोट सरकवता सरकवता, क्षणभर. अशा चौकटीत एकच ठळक विषय, उठून दिसणारा रंग, सममिती आणि मोकळी पार्श्वभूमी असलेले चित्र टिकते. 'इन्स्टाग्रामेबल' या विशेषणात हे सारे निकष न सांगता दडलेले आहेत. इंग्रजीने ते तयार करताना लॅटिनकडून आलेला, योग्यता दाखवणारा प्रत्यय वापरला. त्याच मुळाचा प्रत्यय असलेल्या फ्रेंच आणि स्पॅनिशने तसेच शब्द सहज बनवले.

जपानी भाषेने मात्र घरचे क्रियापद काढले. 'हाएरु' म्हणजे उजळून दिसणे, खुलणे. त्यापासून 'इन्स्टा-बाए' हा जोडशब्द झाला आणि २०१७ मध्ये तो त्या वर्षाच्या गाजलेल्या शब्दांच्या पुरस्काराचा एक मानकरी ठरला. समासात दुसऱ्या पदाच्या आरंभीचा 'ह' जपानीत अनेकदा 'ब' होतो, म्हणून 'हाए'चे 'बाए' झाले. पुढची गंमत अशी, की बोलणाऱ्यांनी समास तोडला, पण 'ब' ठेवला. 'बाएरु' असे नवे स्वतंत्र क्रियापद जन्माला आले. त्याचा अर्थ 'फोटोत खुलून दिसणे'. २०१८ मध्ये सान्सेइदो या कोशप्रकाशन संस्थेने वर्षाच्या नव्या शब्दांत त्याला पहिला क्रमांक दिला. एका ध्वनीच्या फरकाने जपानीत आता 'खुलणे' आणि 'फोटोत खुलणे' अशी दोन क्रियापदे झाली आहेत.

मराठीतही उजळण्याचे क्रियापद या कामी लागले आहे, पण वेगळ्या सुरात. वर्तमानपत्रात फोटो छापून आला की माणूस 'पेपरात चमकतो'. त्यातून फलकावर, समारंभात, प्रत्येक छायाचित्रात पुढे सरसावणाऱ्याला 'चमको' हे नाव पडले आणि त्याच्या धंद्याला 'चमकोगिरी'. जपानीने वस्तूच्या चमकण्याचे कौतुक केले, तर मराठीने माणसाच्या चमकण्याची चेष्टा केली. 'शायनिंग मारणे' आणि 'दिखाऊ' हेही त्याच गोत्रातले. मिरवणाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहण्याची मराठी बोलीची सवय या शब्दांत दिसते.

मग कौतुक कशाने करतात? फोटोखाली लिहिले जाणारे शब्द पाहावेत: भारी, कडक, वाढीव, जबरी, आग, जाळ. 'भारी' मूळचा वजनाचा. मग भारी साडीसारखा किमतीचा, आणि आता उत्कृष्ट या अर्थाचा. 'कडक' हा इस्त्रीचा, चहाचा आणि उन्हाचा. 'वाढीव' कालपर्यंत मुदतीला आणि वेतनाला लागत होता. 'जबरी' बळाचा, 'आग' आणि 'जाळ' उष्णतेचे. फोटोच्या कौतुकासाठी निवडलेल्या या शब्दांत डोळ्याचा एकही नाही. वजन, ताठरपणा, बळ आणि ऊब यांनी चित्राची स्तुती होते. विद्यार्थ्यांना शब्दांचा अर्थविस्तार शिकवायला याहून ताजी उदाहरणे मिळणे कठीण.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रयोग 'टाकण्यासारखा' हा आहे. फोटो 'टाकतात', स्टेटस 'ठेवतात'. टाकणे म्हणजे आपल्या हातातून दुसऱ्यांपुढे जाऊ देणे. 'फोटो छान आलाय, पण टाकण्यासारखा नाही' हे वाक्य आज कोणत्याही घरात ऐकू येईल. फोटोचे गुण त्यात मान्य आहेत. नकार आहे तो तो पाहणाऱ्या लोकांमुळे. 'बघण्याजोगा'मध्ये डोळा न्याय करतो, 'छान येतो'मध्ये कॅमेरा, 'टाकण्यासारखा'मध्ये अनुपस्थित प्रेक्षक. 'इन्स्टाग्रामेबल' या एका उसन्या शब्दात शेवटचे दोन न्यायाधीश एकत्र होतात. मराठीने ते वेगळे ठेवले आहेत.

ग्वाल्हेरच्या तोंडी

उसना शब्द आपल्या भाषेत किती मुरला, हे त्याला लागणाऱ्या प्रत्ययांवरून कळते. 'इन्स्टाग्रामेबल' आणि 'एस्थेटिक' ही व्यंजनान्त विशेषणे मराठीत अविकारी राहतात. किल्ला असो, जाळी असो की तळे असो, रूप एकच. याउलट 'योग्य'पासून आलेला 'जोगा' लावून 'कामाजोगा'च्या धर्तीवर 'फोटोजोगा' म्हटले, की शब्द चालू लागतो: फोटोजोगा वाडा, फोटोजोगी जाळी, फोटोजोगे तळे, फोटोजोग्या जागेत. फारसी-अरबी वळणाचा 'लायक' हिंदीच्या शेजारात आणखी सहज सुचतो, 'डीपीलायक फोटो'. तिन्ही रचना वापरण्याला हरकत नाही, पण कोणती मराठीच्या विभक्तीत वावरते हे विद्यार्थ्याला कळायला हवे.

लिंगाचीही अशीच मौज आहे. मराठीत 'फोटो' पुल्लिंगी, हिंदी बोलण्यात तो पुष्कळदा स्त्रीलिंगी. तेव्हा ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मुलाने 'फोटो काढली' म्हटले तर त्याचे कारण शेजारी आहे. 'रील'चे उदाहरण तर आणखी बोलके. दोऱ्याचे आणि सिनेमाचे 'रीळ' मराठीत जुनेच, नपुंसकलिंगी. भारतात २०२० च्या जुलैमध्ये इन्स्टाग्रामने 'रील्स' आणले आणि तोच शब्द दुसऱ्यांदा आला, आता 'ळ' टाकून. 'रील बनवले' म्हणणाऱ्याच्या तोंडी जुन्या रिळाचे लिंग टिकले आहे. 'रील बनवली' म्हणणाऱ्याच्या कानात हिंदीचे 'रील बनाई' घुमते. क्रियापदांतही हेच. स्टेटस 'ठेवले' की 'लावले', फोटो 'काढला' की 'खेचला', एवढ्यावरून बोलणाऱ्याची भाषिक शेजारवस्ती ओळखता येते.

येथे काळजी कशाची करायची, हे ठरवले पाहिजे. नामे बाहेरून येतात आणि येत राहणार. मराठी टिकते ती क्रियापदात, प्रत्ययात आणि सामान्यरूपात. 'इन्स्टावर टाकण्यासारखा कोन' हे वाक्यखंड सर्वस्वी मराठी आहे. 'फोटो खेच, एस्थेटिक आऊन राहिला' यात नामांबरोबर क्रियापदाचा सांधाही हलला आहे. ग्वाल्हेरच्या अनेक मराठी मुलांसाठी घर हेच मराठीचे मुख्य ठिकाण आहे, तेव्हा हा सांधा राखण्याचे काम लाल रेघेने होणार नाही. 'काढ', 'ठेव', 'टाक', 'निघाला', 'आला' ही क्रियापदे त्यांच्या कानावर रोज पडली तरच ते होईल.

बोलीने दिलेले नाव किती खोल रुजते, याची साक्ष किल्ल्यावरच आहे. १०९३ मध्ये कच्छपघात राजा महिपालाच्या काळी पूर्ण झालेले विष्णूचे मोठे देऊळ आज 'सास-बहू मंदिर' म्हणून ओळखले जाते. 'सहस्रबाहू'चे लोकांच्या तोंडी हे रूप झाले, असे सांगतात. फलकावर आज लोकांचेच नाव आहे. तेव्हा बोलभाषेला हलके लेखण्याचे कारण नाही.

चौकटीबाहेरचे

तरीही या नव्या शब्दाची एक मर्यादा लेखकाने आणि शिक्षकाने ओळखायला हवी. शब्द नजरेला वळण लावतो. जयविलास महालाच्या दरबारातली दोन प्रचंड झुंबरे, जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी, मुहम्मद घौस यांच्या कबरीच्या दगडी जाळ्यांतून येणारे ऊन ही सगळी 'फोटोजोगी' आहेत आणि बघण्याजोगीही आहेत. पण दोन्ही वर्तुळे एकमेकांवर पूर्ण बसत नाहीत.

किल्ल्याच्या चढणीवर चतुर्भुजाचे एक लहानसे, खडकात कोरलेले मंदिर आहे. तेथल्या विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळांची संख्या ५० अशी नोंद आहे. या दोन्ही आकड्यांत शून्य आहे. लहानसा गोल, आपण आज काढतो जवळजवळ तसाच. भारतातील शून्याच्या सर्वांत जुन्या कोरीव खुणांपैकी ही एक. फोटोत ती खडकावरची एक बारीक खरवड वाटते. 'इन्स्टाग्रामेबल' या निकषावर ती नापास आहे, 'बघण्याजोगी' या निकषावर मात्र जग ओलांडून यावे अशी. दुसरे उदाहरण गाण्याचे. युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीताची सर्जनशील नगरी म्हणून स्थान दिले. पण ग्वाल्हेर घराण्याच्या ख्यालाचा फोटो काढता येत नाही. काढता येतो तो गवयाचा, तंबोऱ्याचा आणि व्यासपीठाचा.

विद्यार्थ्याजवळ 'एस्थेटिक' हे एकच विशेषण उरले, तर झुंबर, जाळी, शून्य आणि तान यांपैकी दोहोंबद्दल त्याला बोलता येईल आणि उरलेल्या दोहोंसमोर तो गप्प होईल. शब्दसंपदेचा प्रश्न येथे शुद्धतेपुरता राहत नाही. आपल्या गावातले काय आपल्याला सांगता येते आणि काय सांगता येत नाही, इतका तो मोठा आहे. मराठी समीक्षेत 'चित्रदर्शी' हा शब्द आहे. जे शब्दांनी डोळ्यापुढे उभे करते, ते चित्रदर्शी. फोटो काढणे सोपे झाल्याने या कौशल्याची गरज संपलेली नाही. फोटोत जे येत नाही, ते सांगण्याचे काम आता शब्दांवरच आहे.

वर्गात यासाठी एक सोपा पाठ घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या शहरातला स्वतः काढलेला एक फोटो आणावा आणि त्याखाली तीन वाक्ये लिहावीत. पहिल्यात फोटोत काय छान आले आहे ते, तेही 'भारी' आणि 'एस्थेटिक' न वापरता. दुसऱ्यात तेथे असून फोटोत न आलेली एक गोष्ट: वास, आवाज, ऊन, इतिहास, काहीही. तिसऱ्यात तो फोटो टाकण्यासारखा आहे की नाही आणि का. या तीन वाक्यांत कॅमेरा, डोळा आणि प्रेक्षक हे तिन्ही न्यायाधीश वेगळे होतात, आणि 'येणे', 'असणे', 'टाकणे' ही क्रियापदे आपोआप हाताळली जातात.

लेखकांना आणि अभ्यासकांना आणखी एक काम आहे. असे शब्द लवकर शिळे होतात. आजचा 'वाढीव' दहा वर्षांनी पुन्हा केवळ वेतनाला लागेल, की कोशात नवा अर्थ घेऊन बसेल, हे आज ठरवता येत नाही. म्हणून ते गोळा करावेत, आणि सुटा शब्द न टिपता पूर्ण वाक्य टिपावे. सोबत गाव, वर्ष, बोलणाऱ्याचे साधारण वय आणि घरात कोणत्या भाषा बोलतात, एवढी नोंद पुरे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव, तंजावर अशा ठिकाणच्या वाक्यांची एक वही जरी भरली, तरी बाहेरच्या मराठीने एकच नवा शब्द किती रीतींनी आपलासा केला, हे उद्याच्या कोशकाराला पाहता येईल.